प्लॅनिंगची नोकरी, पहाटे तीनची जाग आणि ‘ध्यान करा’ हा सल्ला

अबोली:

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

मी इंजिनिअरिंग पार्ट्सच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. कोणत्या मशीनवर कोणता पार्ट कधी लागणार, मटेरियल कधी आत येणार, माल कधी डिस्पॅच होणार, हे सगळं माझ्या शीटमधून ठरतं. निदान कागदावर तरी. सकाळी साडेआठला प्लॅन सोडला की दहापर्यंत त्यात तीन-चार बदल झालेले असतात. सेल्सचा फोन येतो, अमक्या कस्टमरचा माल आजच निघाला पाहिजे. मेंटेनन्सकडून कळतं, मशीन ब्रेकडाऊनला आहे. स्टोअरवाले सांगतात, ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीत, दिसतोय तो स्टॉक रॅकवर नाहीच. आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये डिस्पॅच का चुकलं हे मात्र मला विचारलं जातं. मशीन माझ्या हातात नाही, माणसं माझ्या हाताखाली नाहीत, सेल्सला ‘नाही’ म्हणायचा अधिकार मला नाही. उत्तर द्यायला तेवढी मी.

आमच्या विभागात आधी दोघं होतो. सहकाऱ्याने नोकरी सोडली, त्याच्या जागी कोणी आलं नाही आणि त्याच्या लाइन्सही माझ्याकडेच राहिल्या. तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि डोक्यात थेट शॉर्टेज लिस्ट सुरू होते. सकाळी जबडा दुखत असतो. फोन वाजला की छातीत धस्स होतं, मग तो घरचा फोन का असेना. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर काहीच नकोसं वाटतं. परवा मुलीने गृहपाठातलं एक गणित दोनदा विचारलं आणि मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की ती गप्पच झाली.

साहेब वाईट नाहीत. मी एकदा बोलले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ध्यान वगैरे करत जा, उपयोग होतो.” नंतर कंपनीने तणावमुक्तीचं एक सत्रही ठेवलं. चांगलं होतं. पण ते चालू असताना माझ्या फोनवर सेल्सचे मेसेज येतच होते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इतर लोक हीच कामं करतात, मग मलाच का झेपत नाही? आणि याला नेहमीचा कामाचा ताण कधीपर्यंत म्हणायचं, डॉक्टरकडे कधी जायचं? नोकरी सोडणं सध्या शक्य नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नका.


सकाळची_पाळी:

अबोली, वाचून फार वाईट वाटलं. मी कस्टमर केअरला आहे, त्यामुळे फोन वाजला की धस्स होणं म्हणजे काय ते पुरतं ठाऊक आहे. मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. ऑफिसच्या मेसेजेससाठी वेगळी रिंगटोन ठेवली, म्हणजे घरच्या फोनला तरी दचकायला होत नाही. आणि सुटल्यावर बसच्या एक स्टॉप आधी उतरून चालत घरी जाते. तेवढ्या वेळात डोकं थोडं रिकामं होतं. श्वासाचे व्यायामही करून बघा, सोडून देऊ नका. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. काळजी घ्या.


जुना_इन्चार्ज:

अबोलीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न तुम्हाला आतून खातोय. न झेपण्याचं कारण तुमच्या स्वभावात शोधू नका. ते तुम्ही स्वतःच एका ओळीत लिहून ठेवलंय: मशीन हातात नाही, माणसं हाताखाली नाहीत, ‘नाही’ म्हणायचा अधिकार नाही, पण उत्तर मी द्यायचं.

मी बरीच वर्षं प्रोसेस प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट सांभाळली आणि नंतर सेफ्टीत गेलो. सेफ्टीत पहिल्याच दिवशी एक क्रम शिकवतात. धोका दिसला की आधी तो मुळातूनच काढता येतो का बघायचं. नाही जमलं तर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणायचं. तेही नाही जमलं तर मशीनला गार्ड, आवाजाला बंदिस्त खोली. मग कामाची पद्धत आणि पाळ्या बदलायच्या. आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या अंगावर हेल्मेट, कानात प्लग. कारण प्लग घातल्याने आवाज कमी होत नाही, तो फक्त एका माणसाच्या कानापर्यंत कमी पोचतो, तेही प्लग नीट बसला तर.

ध्यान, श्वास, चालणं या सगळ्याला मी कानातला प्लग मानतो. प्लग हवाच, ‘सकाळची_पाळी’ यांचं म्हणणं अजिबात चूक नाही. पण तुमच्या साहेबांनी आवाजाच्या मशीनकडे न बघता थेट तुमच्या हातात प्लग ठेवला. क्रम उलटा झाला.

हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. रॉबर्ट करासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलेलं मॉडेल या विषयात आजही पायाभूत मानतात. त्याचं म्हणणं असं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तेवढा खचत नाही. कामाचा रेटा जास्त आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायची मुभा कमी, हे दोन्ही एकत्र आलं की सर्वांत जास्त त्रास होतो. रेटा तेवढाच असला आणि मुभा असली, तर तेच काम माणसाला घडवूही शकतं. पुढे त्यात तिसरी गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आधार. तुमचा जोडीदार गेला तेव्हा नुसतं काम दुप्पट झालं नाही. “अरे, हे बघ काय झालंय” असं ज्याला म्हणायचं तो माणूसही गेला.

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मोठ्या साहेबांच्या डोक्यावर मोठी जबाबदारी, म्हणून हृदयविकार त्यांनाच जास्त, असं तोवर सर्रास मानलं जायचं. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होतं आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही हा फरक पूर्ण उलगडत नव्हता. मग १९८५ पासून मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास झाला, त्यात स्त्रियाही होत्या. त्यात कामावरचं नियंत्रण कमी असणं हा एक महत्त्वाचा धागा ठळकपणे पुढे आला. ‘इतरांना झेपतं’ असं वाटतं ना, तेव्हा त्या इतरांना किती गोष्टी स्वतः ठरवता येतात तेही बघा. तुमचा मेंटेनन्सवाला दिवसभर धावतो, पण कोणतं मशीन आधी उघडायचं हे बहुतेक तोच ठरवत असेल.

कंट्रोल रूममधलं एक उदाहरण देतो, कारण ते तुमच्या दहा वाजताच्या परिस्थितीशी फार जुळतं. प्लांटमध्ये काही बिघडलं की पॅनलवर अलार्म येतात. एका ऑपरेटरला दहा मिनिटांत दहाहून जास्त अलार्म आले तर त्याला अलार्मचा पूर म्हणतात, कारण त्यापुढे माणूस प्रत्येक अलार्मचा विचार करूच शकत नाही. आमच्याकडे हे रोज व्हायचं. ऑपरेटर चिडचिडे झालेले, घरी झोपा उडालेल्या. त्यांना शांत राहण्याचं प्रशिक्षण द्यावं असा प्रस्ताव आला होता. त्याऐवजी आम्ही अलार्मची यादी घेऊन बसलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लावला: हा वाजल्यावर ऑपरेटरने नेमकं काय करायचं? ज्याला उत्तर नव्हतं तो अलार्म काढून टाकला किंवा नुसत्या नोंदीत टाकला. पॅनल शांत झालं. माणसं तीच होती, पगार तोच होता, पाळ्याही त्याच. हळूहळू त्यांच्या झोपाही परत आल्या.

तुमच्याकडे येणारा प्रत्येक ‘अर्जंट’ हा एक अलार्म आहे. त्यातले खरे किती, हे कोणी मोजलंय का?

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने २००४ मध्ये कामाच्या ताणासाठी सहा बाबी तपासायची पद्धत आणली: कामाच्या मागण्या, नियंत्रण, आधार, नातेसंबंध, भूमिका आणि बदल. ती यादी तुमच्या पोस्टवर ठेवून बघितली. नातेसंबंध ठीक दिसतात, साहेब ऐकून घेतात, ही मोठी जमेची बाजू आहे. मागण्या वाढल्यात, आधार गेलाय. पण खरी मेख नियंत्रण आणि भूमिका या दोन ठिकाणी आहे. प्लॅनिंगने नेमकं काय ठरवायचं आणि काय नुसतं कळवायचं, हे तुमच्या कंपनीत कोणी कधी लिहूनच ठेवलेलं नाही असं दिसतंय. तिथून सुरुवात करा. साहेबांशी काय बोलायचं त्यावर सविस्तर लिहीन, आधी तुम्हाला हे पटतंय का सांगा.


रोखठोक:

जुना_इन्चार्ज यांचं सगळं पटलं, पण खासगी कंपनीत एवढं कोण ऐकतं? दोघांचं काम एकीवर भागतंय म्हटल्यावर दुसरा माणूस ते घेणार नाहीत. आणि तासांचं काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र आकडे दिले होते. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. अबोली, तुम्ही सोडायचा सल्ला नको म्हणालात म्हणून तो देत नाही. पण बायोडेटा तेवढा ताजा करून ठेवा. बाहेर दार आहे एवढं माहीत असलं तरी आत बसणं जरा सोपं जातं, आणि बोलताना आवाजात बळ येतं. हे मी मनापासून सांगतोय.


मनोमैत्रीण:

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. ही तपासणी नव्हे, तुम्हाला न बघता निदान करता येत नाही, एवढं आधीच सांगते.

आधी पहाटे तीनच्या जागेबद्दल, कारण लोक तिला फार घाबरतात. रात्रीच्या उत्तरार्धात झोप सगळ्यांचीच उथळ होते आणि सकाळच्या तयारीसाठी शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळीही वाढणारं संप्रेरक, हळूहळू वाढायला लागलेलं असतं. त्या वेळी थोडी जाग येणं नैसर्गिक आहे. एरवी आपण कूस बदलून परत झोपतो, ते आठवतही नाही. दिवसभर सावध राहिलेला मेंदू मात्र त्या छोट्याशा फटीतून थेट शॉर्टेज लिस्टवर उडी मारतो. धोका दिसला की काही क्षणांत अॅड्रेनलिन, पाठोपाठ काही मिनिटांत कॉर्टिसॉल, ही यंत्रणा थोड्या वेळासाठी बनलेली आहे. दिवसभर दर पंधरा मिनिटांनी ती चालू होत राहिली तर खाली यायला तिला वेळच मिळत नाही. तुमचा जबडा, दचकणं, मुलीवर ओरडणं, हे सगळं त्याच एका साखळीतलं आहे. तुम्ही वाईट आई झालेल्या नाही. मुलीला शांतपणे सांगा की मी दमले होते, तुझं काही चुकलं नव्हतं. मुलांना एवढं पुरेसं असतं आणि ते ऐकायला मिळणं त्यांच्यासाठी फार महत्त्वाचं असतं.

जाग आली की घड्याळ आणि फोन बघू नका. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. दुपारनंतर कॅफीन नको. ते अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागू शकतात. इतकं करूनही आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री असं होत राहिलं आणि हे तीन महिने चाललं असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश होतो. त्यावर गोळ्यांच्याही आधी सुचवली जाणारी, निद्रानाशासाठीची खास वर्तन-उपचार पद्धत आहे. ती शिकवणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे जायला अजिबात संकोच करू नका.

अजून एक उपाय आहे, आणि तो अगदी तुमच्या धंद्यातला आहे. अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात हे आपण सगळे अनुभवतो. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर यांनी प्रयोगांतून दाखवलं की काम पूर्ण न करताही, ते कधी, कुठे, कसं करणार याची नेमकी योजना केली की ते घोळणं बरंच कमी होतं. तेव्हा निघण्याआधी दहा मिनिटं बाजूला ठेवा. ‘शॉर्टेज बघणे’ असं मोघम लिहू नका. ‘उद्या आल्यावर आधी स्टोअरला जाऊन अमुक पार्ट स्वतः मोजणार, नसेल तर पर्चेसला फोन’ असं लिहा. तुम्ही प्लॅनर आहात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं जमेल.

आता डॉक्टरकडे कधी. दोन आठवडे जवळपास रोज मन उदास असेल, किंवा आवडत्या गोष्टींतही रस वाटेनासा झाला असेल, तर वाट बघू नका. अचानक धाप लागून, छाती धडधडून आता काहीतरी होणार अशी भीती वाटत असेल, झोपेसाठी दारू किंवा कोणाच्या तरी गोळ्या लागत असतील, वजन किंवा भूक एकदम बदलली असेल, तरीही जा. छातीत दुखलं तर ‘टेन्शनचं असेल’ म्हणून घरी थांबू नका, आधी हृदय तपासा. आणि जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलं बरं, असे विचार एकदा जरी आले तरी त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीने मदत घ्या. एरवीही एकदा फॅमिली डॉक्टरांकडून रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या. थकवा आणि चिडचिड थायरॉइडनेही होते आणि ते राहूनच जातं. जबड्यासाठी दंतवैद्याला दाखवा. रात्री दात दाबले जात असतील तर ते नाइट गार्ड देतात.

हल्ली ‘बर्नआउट’ हा शब्द सगळीकडे वापरला जातो म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या नव्या आवृत्तीत त्याची व्याख्या दिली, पण त्याला आजार म्हटलेलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून येणारी, कामाशी निगडित स्थिती, असं म्हटलं आहे. ताकद संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, अशी तिची तीन अंगं. हाताळणी फक्त कर्मचाऱ्यानेच करायची असं त्या व्याख्येत कुठेही नाही. म्हणून जुना_इन्चार्ज म्हणतात ते मला पटतं.


अबोली:

सगळ्यांचे मनापासून आभार. मनोमैत्रीण, मुलीशी बोलले. ती म्हणाली, “मला वाटलं मी ढ आहे म्हणून तू ओरडलीस.” तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तो विषय काढलाच नसता. डॉक्टरांची वेळही घेतली आहे. उदास म्हणावं असं रोज वाटत नाही. सुट्टीला मैत्रिणी भेटल्या की मी हसते, बोलते. म्हणजे सगळं काही आटलेलं नाही.

जुना_इन्चार्ज, अलार्मचं उदाहरण वाचून मी खुर्चीत ताठ बसले. अर्जंट मोजायचं कधी सुचलंच नाही. पण पुढे काय? साहेबांकडे जाऊन ‘मला अधिकार द्या’ म्हणायची भीती वाटते. हिला काम जमत नाही म्हणून ही कारणं सांगतेय, असं वाटेल त्यांना. आणि खरं सांगते, बोलायला गेले की माझा आवाज कापतो.


जुना_इन्चार्ज:

आवाज कापत असेल तर कागद न्या. कागदाचा आवाज कापत नाही.

महिनाअखेरपर्यंत एक नोंद ठेवा. प्लॅनमध्ये बदल करावा लागला की लगेच एक ओळ: वेळ, कोणी मागितला, कोणती मशीन, त्यामुळे किती सेटअप (दुसऱ्या पार्टसाठी मशीनची जुळणी) बदलावे लागले, त्यात मशीन किती वेळ उभी राहिली, आणि त्या अर्जंटमुळे मागे कोणती ऑर्डर पडली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो भरायचा कंटाळा करू नका. सोबत, तो अर्जंट माल खरंच त्या दिवशी गेटबाहेर गेला का, हेही लिहा. माझा अंदाज आहे की त्यातले बरेच फिनिश्ड गुड्समध्ये, म्हणजे तयार मालाच्या साठ्यात, दोन दिवस पडून राहिलेले सापडतील. ट्रान्सपोर्ट नसतो, इन्स्पेक्शन राहिलेलं असतं, कस्टमरने उद्यावर ढकललेलं असतं.

हे का सांगतोय? तुमची झोप उडाली याचं साहेबांना वाईट वाटेल, पण त्यावर काय करायचं हे त्यांना कळणार नाही, म्हणून ते ध्यान सुचवतील. सेटअपमध्ये गेलेले मशीनचे तास मात्र त्यांना त्यांच्याही साहेबांना सांगावे लागतात. त्यावर काय करायचं हे त्यांना नक्की कळतं. तुमचा त्रास आणि कारखान्याचं नुकसान एकाच ठिकाणाहून येतंय, हे तो कागद दाखवेल.

मग तीनच गोष्टी मागा, जास्त नको. एक, पुढच्या दोन दिवसांचा प्लॅन फ्रीझ. त्यात बदल हवा असेल तर एका ठरलेल्या माणसाच्या परवानगीने, आणि मागे काय पडणार हे त्याने बघून. दोन, बदलांसाठी दिवसातून दोनच वेळा ठरवायच्या, समजा अकरा आणि चार. मधले सगळे मेसेज त्या वेळेपर्यंत थांबतील, खरा ब्रेकडाऊन सोडून. तीन, संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ‘डिस्पॅच का चुकलं’ याचं उत्तर ज्या विभागात कारण आहे त्याने द्यायचं. मटेरियल नसेल तर स्टोअर किंवा पर्चेस, मशीन बंद तर मेंटेनन्स. तुम्ही फक्त काय चुकलं ते मांडायचं. दुसऱ्या माणसाची मागणी वेगळ्या दिवशी ठेवा. तिला बजेट लागतं, तिच्यात बाकीच्या तिन्ही अडकून पडतील.

साहेब तुम्हाला अपात्र समजतील या भीतीबद्दल एवढंच म्हणतो. जी व्यक्ती नोंदी घेऊन येते आणि ‘हे असं बदललं तर मशीनचे इतके तास वाचतील’ म्हणते, तिला कोणी कामचुकार म्हणत नाही. आणि रोखठोक यांनी सांगितलेला बायोडेटाही ताजा करा. मला त्यात काही गैर वाटत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर एक अभ्यास आला. त्यात ध्यान, मानसिक लवचिकतेचं प्रशिक्षण, वेलनेस अॅप अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात जवळपास फरक दिसला नाही. थोडा फायदा दिसला तो स्वयंसेवी कामात. पण ती एका वेळची पाहणी होती. त्यावरून ध्यान कोणाच्याच कामाचं नाही असं ठरत नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर खुशाल करा. फक्त ते करूनही बरं वाटलं नाही, तर दोष स्वतःला देऊ नका.


सकाळची_पाळी:

जुना_इन्चार्ज, अलार्मची यादी मी आमच्या टीम लीडरला वाचून दाखवली. आमच्याकडे कॉल संपायच्या आत पुढचा कॉल घंटी देतो. ती घंटी कशासाठी आहे, असं तिने वर विचारलंय.


अबोली:

अपडेट देते. महिनाअखेर झाली, कागद घेऊन गेले. नोंदींतले जवळपास निम्मे अर्जंट त्या दिवशी गेटबाहेर गेलेच नव्हते. साहेब बराच वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून बसले. मग सेल्सच्या मॅनेजरांना तिथेच बोलावलं. आवाज कापला, पण वाचून दाखवायचं होतं म्हणून निभावलं.

दोन दिवसांचा फ्रीझ मिळाला, पण फक्त सगळ्यात व्यस्त असलेल्या दोन मशीनवर आणि एक महिना चाचणी म्हणून. अकरा आणि चारची वेळ मान्य झाली. मीटिंगमध्ये उत्तर कोणी द्यायचं यावर मेंटेनन्स आणि स्टोअर दोघांनी नाराजी दाखवली, ते अजून लटकलेलं आहे. दुसऱ्या माणसाचं बोलले नाही, तुम्ही म्हणालात म्हणून थांबले.

डॉक्टरांकडे जाऊन आले. थायरॉइड ठीक आहे, हिमोग्लोबिन कमी निघालं, औषध सुरू केलंय. पहाटेची जाग अजून येते, पण रोज नाही.

एकच अडचण आहे. फ्रीझ मोडायची परवानगी कोणी द्यायची हे ठरलं नाही. सेल्सचे मॅनेजर म्हणतात, आम्हीच देऊ. हे बरोबर आहे का?


जुना_इन्चार्ज:

अजिबात नाही. मागणारा आणि परवानगी देणारा एकच असेल तर फ्रीझ आठवडाभरही टिकणार नाही. परवानगी प्लांट हेडची हवी, ते नसतील तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजरची. तीही फोनवर नको, मेलवर किंवा सहीने. त्याच मेलमध्ये मागे पडणाऱ्या ऑर्डरचं आणि तिच्या कस्टमरचं नाव टाकायचं, म्हणजे सही करणाऱ्याला दोन्ही बाजू एकदम दिसतील. चाचणीचा महिना सुरू व्हायच्या आधी हे साहेबांकडून लेखी घ्या. आणि मेंटेनन्स-स्टोअरच्या नाराजीचं टेन्शन घेऊ नका. मीटिंगच्या आधी त्या दोघांना स्वतः भेटून त्यांच्या विभागाची नोंद दाखवा, म्हणजे चारचौघांत अचानक काही ऐकावं लागलं असं त्यांना वाटणार नाही. स्टोअरवाल्यांपासून सुरुवात करा. ईआरपी आणि रॅक जुळत नाही, याचा त्रास त्यांनाही तुमच्याइतकाच होत असणार.